नदीकाठचा एक तास: जॉन कॉन्स्टेबलची छोटी तैलचित्रं कशी पाहायची

प्रिंटरमध्ये घालतो तो ए-फोर कागद आडवा धरा. लंडनच्या टेट संग्रहालयात जवळजवळ तेवढ्याच आकाराचं एक तैलचित्र आहे, साधारण १८१० च्या सुमाराचं, बोर्डावर रंगवलेलं. डाव्या अंगाला एक जुनं शेतघर आहे, समोर पाणचक्की फिरवून बाहेर पडलेल्या पाण्याचा ओढा, ओढ्यापलीकडे गर्द झाडं आणि वर थोडंसं आभाळ. झाडांना पानं काढलेली नाहीत, घराच्या खिडक्या म्हणजे दोन-चार फटकारे आहेत आणि काही ठिकाणी रंगाखालचा तपकिरी थर सरळ उघडा दिसतो. पहिल्यांदा पाहणारा बहुतेक वेळा एकच प्रश्न विचारतो: हे अर्धवट राहिलंय का?

प्रश्न रास्त आहे. 'स्केच' म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर पेन्सिलचं रेखाटन येतं, आणि तैलचित्र म्हटलं की दिवाणखान्यातली सोनेरी चौकट. 'ऑइल स्केच' हा प्रकार या दोन्हींच्या मधला आहे. रंग तैलचित्राचे, पण काम रेखाटनाचं. उघड्यावर बसून, समोरचा देखावा बदलायच्या आत त्याची रंगात घेतलेली ही नोंद असते. हे चित्र जॉन कॉन्स्टेबल या इंग्रज चित्रकाराचं आहे. त्याची अशी नदीकाठची छोटी चित्रं मला फार प्रिय आहेत, आणि ती कशी पाहायची हे कळलं की त्यांतला एकेक फटकारा बोलायला लागतो, असा माझा अनुभव आहे.

आधी ती नदी.

इंग्लंडच्या पूर्व भागात सफोक आणि एसेक्स या दोन परगण्यांच्या हद्दीवरून स्टूर नावाची एक लहान नदी वाहते. आपल्या कृष्णा-गोदावरीच्या मानाने ओढाच म्हणावा अशी. पण ती कष्टाची नदी होती. १७०५ च्या कायद्याने तिच्यावर माल वाहतुकीची सोय करायचं ठरलं आणि पुढे जागोजागी 'लॉक' बांधले गेले. लॉक म्हणजे नदीतली पाण्याची पायरी. दोन बाजूंना दारं असलेला एक हौद असतो. नाव आत घ्यायची, दार लावायचं, पाणी भरायचं किंवा सोडायचं, की नाव वरच्या किंवा खालच्या पातळीला पोचते. धान्य, पीठ, कोळसा यांनी लादलेल्या सपाट बुडाच्या लांब नावा काठावरचे घोडे दोरखंडाने ओढत नेत. घोड्यांची वाट मध्येच या काठावरून त्या काठाला जाई, तेव्हा घोडाच नावेत चढवून पलीकडे उतरवत.

या नदीवरची फ्लॅटफर्ड आणि डेडहॅमची पाणचक्की कॉन्स्टेबलच्या वडिलांच्या ताब्यात होती. गोल्डिंग कॉन्स्टेबल हे धान्याचे मोठे व्यापारी होते. पीठ नावांनी खाली मिस्टलीच्या धक्क्यापर्यंत जायचं आणि तिथून त्यांच्याच जहाजाने लंडनला. जॉनचा जन्म ११ जून १७७६ चा, जवळच्याच ईस्ट बर्गहोल्ट गावातला. पोराने धंदा सांभाळावा ही वडिलांची इच्छा होती, आणि जॉनने वर्षभर पवनचक्कीवर कामही केलं. पुढे त्याचा धाकटा भाऊ एब्रम याने धंदा पाहिला. एब्रमचं एक बोलणं प्रसिद्ध आहे: जॉनने रंगवलेली चक्की पाहिली की ती फिरेल असं वाटतं, बाकीच्या चित्रकारांच्या चक्क्यांबद्दल तशी खात्री देता येत नाही. गिरणीवाल्याने दिलेलं हे प्रशस्तिपत्रक मला कुठल्याही समीक्षकाच्या लेखापेक्षा वजनदार वाटतं.

१८२१ साली एका मित्राला लिहिलेल्या पत्रात कॉन्स्टेबलने आपल्या आवडीच्या गोष्टी सांगितल्या आहेत. चक्कीच्या बांधावरून निसटणाऱ्या पाण्याचा आवाज, विलोची झाडं, जुन्या कुजलेल्या फळ्या, शेवाळाने बुळबुळीत झालेले खांब, विटांचं बांधकाम. त्याच पत्रात तो म्हणतो की स्टूरच्या काठावरच्या या साऱ्यानेच मला चित्रकार केलं. त्याने रंगवली ती आपल्या घरची नदी. लॉकचं दार कसं उघडतं आणि पाणी कुठे फेसाळतं हे ज्याला लहानपणापासून ठाऊक आहे, त्याला ते तीन फटकाऱ्यांत सांगता येतं.

जवसाचं तेल आणि डुकराचं मूत्राशय

आज बाहेर जाऊन तेलरंगात चित्र काढायचं तर दुकानातून ट्यूब आणायच्या आणि निघायचं. कॉन्स्टेबलने ट्यूब कधी पाहिलीच नाही. दाबून रंग काढायची धातूची ट्यूब लंडनमध्ये राहणाऱ्या जॉन गॉफ रँड या अमेरिकन चित्रकाराने १८४१ मध्ये पेटंट केली. कॉन्स्टेबल १८३७ मध्ये गेला. त्याच्या काळात घोटलेला रंग डुकराच्या मूत्राशयाच्या छोट्या पिशवीत भरून तोंड दोऱ्याने आवळत. रंग हवा असेल तेव्हा पिशवीला टाचणीने भोक पाडायचं, दाबून थेंबभर काढायचा आणि भोक बुजवायचं. पिशवी फुटली तर डबाभर रंग. एकदा भोक पडलेल्या पिशवीतला रंग हळूहळू घट्ट होत जायचा, तेही होतंच.

तो घट्ट का होतो, हे समजून घेण्यासारखं आहे, कारण या चित्रांचं निम्मं गुपित त्यात आहे. तेलरंग म्हणजे रंगाची बारीक पूड आणि जवसाचं तेल. तेच जवस, ज्याची चटणी आपण भाकरीबरोबर खातो. जलरंग वाळतो म्हणजे त्यातलं पाणी उडून जातं. जवसाचं तेल उडून जात नाही. ते हवेतला प्राणवायू घेतं, त्याचे रेणू एकमेकांत गुंततात आणि तेलाची घट्ट, चिवट साय बनते. याला मिनिटं नव्हे, दिवस लागतात. म्हणजे तासभर बाहेर बसून काम करणाऱ्या चित्रकाराच्या कुंचल्याखाली पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळा रंग ओलाच असतो.

याचा फायदा मोठा. जलरंगात उजेड राखायचा तर कागद कोरा सोडावा लागतो, एकदा काळवंडलेली जागा पुन्हा उजळणं अवघड. तेलरंगात शिशाचा पांढरा हाताशी असतो, जाड आणि अपारदर्शक. गर्द झाडीवर ऊन पडलं? टाका वर एक फिका ठिपका. शिवाय जलरंग वाळल्यावर फिकुटतो, तेलरंग लावताना जसा दिसतो जवळजवळ तसाच राहतो. समोरचा रंग आणि रंग मिसळायच्या पाटीवरचा रंग ताडून पाहायचा असेल तेव्हा ही फार मोठी सोय आहे.

तोटाही उघड आहे: ओलं चित्र घरी न्यायचं कसं? यावर तोडगा म्हणजे रंगपेटी. कॉन्स्टेबल पेटी मांडीवर घेई आणि तयार केलेला कागद झाकणाच्या आतल्या बाजूला टाचण्यांनी लावी. काम झालं की झाकण बंद, चित्र आत सुरक्षित. म्हणूनच त्याची बरीचशी नदीकाठची चित्रं एका बेताची आहेत, पंचवीस सेंटीमीटर बाय तीस सेंटीमीटरच्या आसपास. कित्येक कागदांच्या कोपऱ्यांत टाचण्यांची भोकं आजही दिसतात.

ऊन थांबत नाही

आकाशात सूर्य आपल्या स्वतःच्या व्यासाएवढं अंतर साधारण दोन मिनिटांत सरकतो. तासाला पंधरा अंश. बोलताना हे जाणवत नाही, चित्र काढताना जाणवतं. पंचगंगेच्या घाटावर एकदा सकाळी मी दीपमाळेची सावली रंगवायला घेतली होती. कोपऱ्यातली पायरी मनासारखी जमेपर्यंत सावलीने ती पायरी सोडून दिली होती. माझ्या कागदावर सकाळचे सव्वाआठ आणि पावणेनऊ एकाच वेळी वाजत होते.

यावर पॅरिसच्या पिएर-आँरी द व्हालांसिएन या चित्रकाराने १८०० साली एक साधा नियम सांगून ठेवला होता: निसर्गासमोरची नोंद दोन तासांच्या आत संपवा, आणि सूर्योदय किंवा सूर्यास्त असेल तर अर्ध्या तासात. उघड्यावर तेलरंगात अभ्यास करायची रीत युरोपात त्याच्याही आधीपासून होती, इटलीत जाणाऱ्या चित्रकारांमध्ये विशेष. इंग्लंडमध्ये टर्नर या चित्रकाराने १८०५ च्या सुमारास टेम्स नदीवर नावेतून हिंडत पातळ महोगनीच्या फळ्यांवर अशीच चित्रं केली. कॉन्स्टेबलने ही रीत शोधली नाही. त्याने ती एका छोट्या खोऱ्यात, वर्षानुवर्षं, चिकाटीने राबवली, हे त्याचं वेगळेपण.

आपल्याकडच्या वाचकाला इथे एक फरक ध्यानात घ्यावा लागेल. स्टूरचं खोरं ५२ अंश उत्तरेला आहे. २३ सप्टेंबरच्या सुमारास तिथे भर दुपारीही सूर्य क्षितिजावर ३८ अंशांच्या आसपासच चढतो. कोल्हापुरात त्याच दिवशी तो ७३ अंशांवर, म्हणजे जवळजवळ डोक्यावर असतो. म्हणून आपल्याकडे लँडस्केपला जाणारी मंडळी सकाळी उजाडता निघतात आणि दहा-साडेदहाला गाशा गुंडाळतात. त्यानंतर सावल्या पायाखाली जातात आणि सगळं सपाट दिसायला लागतं. इंग्लंडमध्ये तिरपं ऊन दिवसभर मिळतं, मात्र ढग क्षणाक्षणाला त्यावर पडदा ओढतात. तिथल्या चित्रकाराची घाई ढगांमुळे असते.

फटकारा कसा वाचायचा

आता पुन्हा त्या चित्राकडे येऊ. संग्रहालयांच्या संकेतस्थळांवर या चित्रांच्या मोठ्या प्रतिमा पाहता येतात. एखादी उघडा आणि शक्य तेवढी जवळ ओढा.

पहिली पाहायची गोष्ट म्हणजे तळ. कॉन्स्टेबल कोऱ्या पांढऱ्या कागदावर काम करत नसे. आधीच घरी कागदाला किंवा बोर्डाला तांबूस, तपकिरी किंवा मातकट रंगाचा हात देऊन तो पक्का वाळवून ठेवी. चित्रकार याला 'ग्राउंड' म्हणतात. याचं पहिलं कारण वेळ. पांढऱ्या कागदावर सुरुवात केली तर कागद झाकण्यातच अर्धा वेळ जातो. मध्यम काळोखीचा तपकिरी तळ असला की तो स्वतःच मधला टोन, म्हणजे उजेड-काळोखाची मधली पातळी, होतो. त्यावर थोडा गडद घातला की सावली झाली, थोडा फिका घातला की ऊन. दुसरं कारण रंगाचं आहे. हिरव्याखाली तांबूस असलं की हिरवा जिवंत होतो. हिरव्या साडीला लाल काठ लावला की दोन्ही रंग उठून दिसतात, तेच तत्त्व. कॉन्स्टेबलच्या झाडांमधून जिथे जिथे तळ डोकावतो तिथे ही जादू चाललेली असते. म्हणून त्या उघड्या जागांना 'राहून गेलेल्या' म्हणू नका, त्या जाणूनबुजून सोडलेल्या आहेत.

दुसरी गोष्ट कोण आधी, कोण नंतर. रंग ओला असल्यामुळे हे ओळखता येतं. ओल्या गडद हिरव्यावर ओल्या पिवळसर रंगाचा फटकारा मारला तर तो सुरुवातीला स्वच्छ असतो आणि शेवटाकडे खालचा हिरवा उचलून मळकट होत जातो. असा फटकारा दिसला की समजायचं, कुंचला कुठे टेकला आणि कुठे सुटला, आणि खालचं झाड त्याच बैठकीतलं आहे. उलट वरचा ठिपका खालच्या रंगात अजिबात मिसळलेला नसेल तर खालचा थर वाळला होता, म्हणजे चित्रकार दुसऱ्या दिवशी परत आला किंवा घरी नेऊन हात मारला. व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात स्टूरवरच्या नावांचं आणि दूरच्या डेडहॅम चर्चचं एक असं छोटं चित्र आहे, साधारण १८११ चं, कागदावर केलेलं. त्यातलं आभाळ या दृष्टीने न्याहाळा. ढगांच्या कडा काढलेल्या नाहीत, रंग रंगात ओढत नेला आहे आणि चर्चचा मनोरा म्हणजे जेमतेम एक टेकवलेला कुंचला. तरीही तो मनोरा किती दूर आहे हे तुम्हाला नेमकं कळतं.

ते कसं? अंतराने रंगात जो फरक पडतो तो अचूक धरल्यामुळे. जवळचं झाड गडद आणि उबदार, दूरचं फिकं आणि निळसर, कारण मधल्या हवेचा थर जाड होत जातो. मनोऱ्याची प्रत्येक वीट काढली असती आणि त्याचा टोन चुकला असता, तर तो लॉकच्या दारावर येऊन बसला असता. उघड्यावर काम करणाऱ्या चित्रकाराची खरी परीक्षा इथे असते. रेषा चुकली तर चालते, टोन चुकला की चित्र कोसळतं.

तिसरी गोष्ट पाणी. शांत पाण्यात आभाळाचं आणि काठाचं प्रतिबिंब उभं पडतं, म्हणून तिथे कुंचला वरून खाली ओढलेला असतो. मग त्या उभ्या रंगावरून एखादीच फिकी आडवी रेघ जाते, आणि डोळ्याला कळतं की इथे पृष्ठभाग आहे, वाऱ्याने किंवा प्रवाहाने तो किंचित हललाय. उभं ओढलेलं म्हणजे खोली, आडवं ओढलेलं म्हणजे पृष्ठभाग. हे एकदा दिसलं की मग प्रत्येक नदीच्या चित्रात ते शोधायची सवय लागते. चक्कीखालून सुटणाऱ्या पाण्यात मात्र हा नियम मोडतो. तिथे जाड पांढरा रंग तुटक ठिपक्यांनी टाकलेला असतो.

हिरवा म्हणजे किती हिरवे

आज निसर्गचित्र हिरवं असतं हे आपण गृहीत धरतो. कॉन्स्टेबलच्या तरुणपणी ते तसं नव्हतं. जुन्या थोर चित्रकारांची चित्रं वार्निश पिवळं पडून तपकिरी झाली होती, आणि रसिकांना तोच तपकिरी सोनेरी रंग निसर्गचित्राचा खरा रंग वाटायचा. सर जॉर्ज बोमंट हे कॉन्स्टेबलचे वडीलधारे हितचिंतक आणि मोठे संग्राहक होते. निसर्गचित्राचा एकंदर रंग जुन्या व्हायोलिनसारखा असावा, असं त्यांचं मत होतं. कॉन्स्टेबलने काय केलं, तर एक जुनं व्हायोलिन घेतलं आणि घरासमोरच्या हिरव्या गवतावर नेऊन ठेवलं. पुढे वाद घालायची गरज राहिली नाही.

गंमत अशी की त्याच्या स्वतःच्या चित्रांचा तळ व्हायोलिनच्याच जातीचा आहे. पण वरच्या थरात तो समोरच्या झाडाशी प्रामाणिक राहतो. हिरव्यातही विलोचा राखाडी हिरवा, ओल्या गवताचा पिवळा हिरवा, सावलीतल्या ओकचा जवळजवळ काळा हिरवा असे वेगवेगळे हिरवे शेजारी शेजारी ठेवतो, घोटून एक करत नाही. फ्रेंच चित्रकार देलाक्र्वाने आपल्या रोजनिशीत याची नोंद केली आहे: कॉन्स्टेबलच्या कुरणांचा हिरवा सरस ठरतो, कारण तो अनेक निरनिराळ्या हिरव्यांचा बनलेला असतो. नदीकाठी बसल्याशिवाय हे साधत नाही. खोलीत बसून आठवणीने झाड रंगवलं की हात आपोआप एकच 'झाडाचा हिरवा' घोटतो.

या नोंदींचं पुढे काय व्हायचं

ही चित्रं प्रदर्शनासाठी नव्हती. ती त्याची जमापुंजी होती. रॉयल अकादमीच्या वार्षिक प्रदर्शनात नाव व्हायचं तर मोठं, पूर्ण केलेलं चित्र हवं. १८१६ मध्ये मरायाशी लग्न झाल्यावर तो लंडनला स्थिरावला आणि सफोकचे लांब मुक्काम थांबले. १८१९ पासून त्याने स्टूरवरची सहा-सहा फुटी चित्रं लागोपाठ केली, ती लंडनमध्ये बसून, या जुन्या छोट्या नोंदींवरून.

त्यांतलं सर्वात गाजलेलं 'द हे वेन', १८२१ चं, लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. ओढ्यात उतरलेली गवताची रिकामी गाडी, काठावर कुत्रा आणि डावीकडे एक जुनं घर. होय, तेच घर, जे ए-फोर आकाराच्या त्या बोर्डावर आहे. विली लॉट नावाच्या शेतकऱ्याचं ते घर. ऐंशीहून अधिक वर्षांच्या आयुष्यात तो फक्त चार रात्री त्या घराबाहेर झोपला, असं सांगतात. दहा वर्षांपूर्वी मांडीवरच्या पेटीत टिपलेलं घर सहा फुटी कॅनव्हासवर असं परत आलं.

पण जमापुंजीत सगळंच नसतं. गाडीची नेमकी नोंद कॉन्स्टेबलजवळ नव्हती. १८२१ च्या फेब्रुवारीत त्याने गावाकडून ती मागवली. गावातल्याच तरुण जॉन डन्थॉर्नने थंडीत उभं राहून गाडीचं रेखाटन केलं आणि एब्रमने ते लंडनला पाठवताना लिहिलं की बिचाऱ्याला फार गारठ्यात काम करावं लागलं. चित्र लंडनमध्ये होत होतं, तरी त्याचा एकेक सांधा गावाशी जोडलेला होता, हे या तपशिलातून मला जेवढं कळतं तेवढं दुसऱ्या कशातून कळत नाही.

छोट्या नोंदीपासून थेट मोठ्या चित्राकडे जाणं त्याला जड जाई. म्हणून तो आधी तेवढ्याच मोठ्या कॅनव्हासवर एक पूर्ण आकाराचं कच्चं चित्र करी, मोकळ्या हाताने, आणि मग त्यावरून अंतिम चित्र. 'हे वेन'चं असं कच्चं चित्र व्हिक्टोरिया अँड अल्बर्टमध्ये आहे. त्यात कुत्र्याजवळ घोड्यावर बसलेली एक आकृतीही आहे, अंतिम चित्रात ती नाही. दोन्ही शेजारी पाहिली की कॉन्स्टेबल काय ठेवायचं आणि काय गाळायचं याच्याशी किती झगडला ते दिसतं. 'हे वेन' लंडनमध्ये विकलं गेलं नाही. १८२४ मध्ये ते पॅरिसच्या 'सलाँ' या मोठ्या सरकारी प्रदर्शनात लागलं आणि तिथे त्याला सुवर्णपदक मिळालं.

हल्ली बऱ्याचदा ऐकू येतं की खरा कॉन्स्टेबल छोट्या चित्रांत आहे आणि मोठी चित्रं म्हणजे अकादमीसाठी केलेली तडजोड. मला हे पटत नाही. तो स्वतः तसं मानत नव्हता. १८१५ मध्ये प्रदर्शित झालेलं फ्लॅटफर्डजवळच्या नाव-बांधणीचं चित्र पाहा. मध्यम आकाराचं, बारकाईने पूर्ण केलेलं, आणि तरीही संपूर्ण उघड्यावर रंगवलेलं. ते करताना तो रोज काम कधी थांबवायचा हेही त्याने सांगून ठेवलंय: दूरच्या एका धुराड्यातून धूर निघाला की समजायचं, कामावरून परतणाऱ्यांसाठी चूल पेटली, आता आवरतं घ्यायचं. म्हणजे बाहेर बसणं म्हणजे घाई आणि खोलीत बसणं म्हणजे पूर्णत्व, अशी सरळ वाटणी त्याच्याकडे नव्हती. छोटं चित्र एका तासाबद्दल बोलतं, मोठं चित्र त्या जागेबद्दल जन्मभर साठलेलं सांगतं. दोघांचं काम निराळं. मला छोटी चित्रं अधिक जवळची वाटतात, कारण त्यांत त्या तासाचं ऊन अजून तसंच आहे. ही माझी आवड झाली.

ती आज आपल्याला पाहायला मिळतात याचं श्रेय मोठ्या प्रमाणात त्याच्या मुलीला, इझाबेलला आहे. वडिलांच्या स्टुडिओत राहिलेली शेकडो चित्रं आणि रेखाटनं तिने जपली आणि १८८८ मध्ये आजच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाला देऊन टाकली. तोवर फ्रान्समधल्या चित्रकारांनी उघड्यावर रंगवलेली चित्रंच पूर्ण चित्रं म्हणून भिंतीवर लावली होती आणि लोकांची नजर बदलली होती.

ही रीत आपल्यापर्यंतही आली. मुंबईत १८५७ मध्ये सुरू झालेल्या जे. जे. कला महाविद्यालयात इंग्रजी वळणाचं शिक्षण होतं. तिथे शिकलेले आबालाल रहिमान कोल्हापूरला परतले आणि कोटीतीर्थाच्या काठी राहून तळ्यातलं पाणी, झाडं आणि बदलता उजेड रंगवत राहिले. आपल्या निसर्गचित्रकारांनी तेलरंगापेक्षा जलरंगाला अधिक जवळ केलं. आपल्या उन्हात पाणी झपाट्याने वाळतं, सामान हलकं राहतं. पण काठावर बसून, ऊन सरकायच्या आत पाण्याचा टोन धरायचा, हा रियाज तोच.

लंडनला स्थिरावल्यावर कॉन्स्टेबलला नदी रोज मिळेना. बायकोची प्रकृती नाजूक, म्हणून तो कुटुंबाला घेऊन शहराबाहेरच्या हॅम्पस्टेडच्या टेकडीवर राहू लागला. तिथे नदी नव्हती, पण आभाळ भरपूर होतं. नदीच्या चित्रात पाणी आपला रंग आभाळाकडूनच घेतं, त्यामुळे आभाळ चुकलं की नदी चुकते. पवनचक्कीवर काम केलेल्या माणसाला ढग वाचता येतात, कारण वारा कधी उलटेल यावर चक्कीची पाती अवलंबून असतात. १८२१ आणि १८२२ मध्ये त्याने केवळ आभाळाची कितीतरी छोटी तैलचित्रं केली. पेटी तीच, कागद तसाच, वेळ तासाभराचा. फरक एवढाच की आता तो कागदाच्या मागे दिवस, वेळ, वाऱ्याची दिशा लिहून ठेवू लागला.

लंडनच्या रॉयल अकादमीत असलेल्या एका आभाळामागे ११ सप्टेंबर १८२१ ही तारीख आहे. सकाळी दहा ते अकरा, सूर्याखालची बाजू. उबदार तळावर रुपेरी राखाडी ढग. उकाडा. नैऋत्येकडे मंद वारा. इथपर्यंत चित्र काढता काढता लिहिता येईल. पण पुढे तो लिहितो: दिवसभर छान होतं, पण त्या रात्री पाऊस आला. चित्र अकरा वाजता संपलं होतं. रात्री पाऊस झाला, आणि त्यानंतर कधीतरी त्याने तो कागद पुन्हा हातात घेतला, उलटा केला आणि पावसाची नोंद केली.